खाज, लाज आणि काचपट्टी

मला यीस्टचा संसर्ग वारंवार होतो. हे वाक्य मी आता कुणाहीसमोर बोलू शकते. अंगावरून पांढरं जाणं, नको त्या जागी येणारी खाज, लघवीला बसल्यावर होणारी आग, ही दुखणी बायका वर्षानुवर्षं अंगावर काढतात. सांगितलंच तर एखाद्या मैत्रिणीला, तेही आवाज खाली करून. मग मैत्रीण स्वतःला लागू पडलेला उपाय सांगते. कुणी एक गोळी सांगते, कुणी दही, कुणी लसूण, कुणी साखर कायमची बंद करायला सांगते. सांगणारीच्या मनात माया असते, यात शंका नाही. पण हा त्रास यीस्टचाच आहे कशावरून, आणि यीस्टचा असेल तर ते आत्ताच का वाढलं, हे दोन प्रश्न त्या कुजबुजीत कुणीच विचारत नाही. माझा सगळा आग्रह या दोन प्रश्नांसाठी आहे. नैसर्गिक उपाय की डॉक्टरी औषध, हा वाद त्यांच्यानंतर येतो.

चारपैकी तीन बायकांना आयुष्यात कधी ना कधी योनिमार्गाचा यीस्ट संसर्ग होतो. इतकी सर्रास गोष्ट, आणि तरी ती जिला होते तिला वाटतं की आपल्याच स्वच्छतेत काही कमी पडलं. तसं काही नसतं. कॅन्डिडा अल्बिकन्स हे यीस्ट, म्हणजे एकपेशीय बुरशी, आपल्या शरीरात मुक्कामालाच असते. तोंड, आतडी, योनिमार्ग, त्वचेच्या घड्या या तिच्या नेहमीच्या जागा. साधारण निम्म्या निरोगी माणसांच्या तोंडात ती सापडते आणि त्यांना तिचा पत्ताही नसतो. तिला ताब्यात ठेवणारे बरेच जण असतात. योनिमार्गातले लॅक्टोबॅसिलस जिवाणू आम्ल तयार करतात आणि जागा अडवून बसतात. त्वचा आणि अस्तर शाबूत असतं. प्रतिकारशक्ती पहारा देत असते. यातलं काही ढिलं पडलं की एरवी गोल, गुमान असणारी ही पेशी लांब तंतू काढते आणि ते तंतू अस्तरात घुसतात. 2016 साली संशोधकांना या तंतूंतून पाझरणारं एक विष सापडलं. त्याला कॅन्डिडालायसिन म्हणतात. ते आपल्या पेशींच्या पातळ आवरणाला भोकं पाडतं. म्हणजे बुरशी नुसती असण्याने आग होत नाही. तिने रूप बदललं आणि शरीर खवळलं, की आग होते. एखाद्या तपासणीत ‘कॅन्डिडा आढळला’ असं छापून आलं आणि त्रास काहीच नसला, तर बहुतेक वेळा औषधाची गरज नसते, ती याचमुळे.

आता पहिला प्रश्न. हा त्रास यीस्टचाच आहे कशावरून?

मला याचं उत्तर एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या टेबलावर मिळालं. त्यांनी कापसाच्या काडीने स्राव घेतला. आधी तो कागदाच्या एका छोट्या पट्टीला लावला. पट्टीचा रंग त्यांनी डबीवरच्या रंगांशी जुळवून पाहिला आणि म्हणाल्या, ‘आम्लता जागेवर आहे.’ मग काचपट्टीवर दोन ठिकाणी नमुना ठेवला. एकावर सलाइनचा थेंब, दुसऱ्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा. हे दुसरं द्रावण आपल्या पेशी विरघळवून टाकतं, बुरशीची चिवट भिंत मात्र त्याला दाद देत नाही. त्यामुळे गर्दी ओसरते आणि बुरशी तेवढी उरते. वर पातळ काच ठेवून त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं, आणि मग खुर्ची मागे सरकवून मला म्हणाल्या, ‘या, तुम्हीच बघा.’ फिकट, पारदर्शक तंतू, एकमेकांवर आडवेतिडवे पडलेले, आणि त्यांना जागोजाग चिकटलेले गोल कळे, धाग्यात अर्धवट ओवलेल्या मण्यांसारखे. माझ्या झोपेची वाट लावणारी वस्तू इतकी नाजूक दिसत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढे एकदा तशीच अस्वस्थता, तसाच स्राव घेऊन मी त्यांच्याकडे गेले, तर पट्टीचा रंग वेगळा आला आणि तंतू कुठेच नव्हते. त्या वेळी दुखणं जिवाणूंचं होतं. त्याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात, आणि त्यावर बुरशीचं मलम महिनाभर लावलं तरी काडीचा उपयोग होत नाही. यीस्टमध्ये योनिमार्गाची आम्लता सहसा नेहमीसारखी, म्हणजे पीएच 4.5 च्या खाली राहते (पीएचचा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त). जिवाणूंच्या या दुखण्यात ती बिघडते आणि पीएच वर जातो. कागदाची एक पट्टी इतकं सांगून जाते.

हे माझ्या एकटीचं नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, आपल्याला यीस्टच झालंय असं समजून दुकानातून स्वतःच औषध घेणाऱ्या 95 बायकांची तपासणी केली गेली. नुसता यीस्ट संसर्ग त्यातल्या जेमतेम एक तृतीयांश जणींना होता. बाकीच्यांपैकी कुणाला जिवाणूंचा त्रास, कुणाला ट्रायकोमोनास, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा एक परजीवी, कुणाला दोन-तीन गोष्टी एकत्र, कुणाला काहीच नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. शिवाय खाज म्हटली की साबणाची ॲलर्जी असते, एक्झिमा असतो, लायकेन स्क्लेरोसस नावाचा पांढरे चट्टे आणणारा त्वचारोगही असतो. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक कमी होतं आणि यीस्टचा जोर सहसा ओसरतो, म्हणून साठीतल्या बाईला सतत खाज येत असेल तर ‘यीस्टच असेल’ म्हणून मलम देत राहणं मला अजिबात पटत नाही. तिची नीट तपासणी व्हायला हवी.

दुसरा प्रश्न मला जास्त जवळचा वाटतो. आत्ताच का?

कधी उत्तर अगदी उघड असतं. घशासाठी किंवा दातासाठी अँटिबायोटिक घेतलं, त्याने पहारेकरी जिवाणूही मेले आणि यीस्टला रान मोकळं मिळालं. गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढतं, त्यामुळेही होतं. मधुमेह ताब्यात नसेल तर शक्यता बरीच वाढते, आणि कित्येकदा मधुमेह पहिल्यांदा कळतो तोच या खाजेमुळे. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे, रक्तातली साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्या फार उपयोगी पडतात, पण लघवीत साखर आली की त्या जागी यीस्टचं फावतं, बायकांमध्ये आणि पुरुषांमध्येही. गोळी सुरू करताना एवढं एक वाक्य सांगितलं गेलं तर माणूस आधीच सावध राहील. आणि खाज सुरू झाली म्हणून गोळी परस्पर बंद करू नये, डॉक्टरांना सांगावं. दम्यासाठी स्टिरॉइडचा पंप ओढणाऱ्यांच्या तोंडात पांढरे थर येतात. पंप घेतल्यावर चूळ भरून थुंकली आणि पंपाला स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावला तर ते बरंच टळतं.

वडिलांच्या बाबतीत कारण कवळीत होतं. तोंडाला चव नाही एवढीच त्यांची तक्रार. दातांच्या डॉक्टरांनी वरची कवळी काढली आणि मला टाळू दाखवला. कवळी जिथे टेकते तेवढाच भाग लालभडक, आणि त्या लालीची कड कवळीच्या कडेशी तंतोतंत जुळणारी. जणू कुणी कवळी ठेवून पेन्सिलीने आखून घेतलंय. दुखत मात्र अजिबात नव्हतं. वडील ती रात्रंदिवस घालून असत. यीस्ट त्या प्लास्टिकवर चिकट थर करून राहतं आणि खालच्या टाळूला लाळही नीट मिळत नाही. इलाजाचा मोठा भाग साधा होता. रात्री कवळी काढून ठेवायची, रोज ब्रशने घासायची, सांगितलेल्या द्रावणात भिजवायची. औषध देताना डॉक्टरांनी त्यांच्या बाकीच्या गोळ्यांची यादी मागितली. वडील रक्त पातळ करणारी वॉरफरिन घेतात हे पाहून त्यांनी मायकोनॅझोल या बुरशीवरच्या औषधाचं जेल टाळलं, कारण तोंडात लावलेलं ते जेलही वॉरफरिनचा असर वाढवतं आणि रक्तस्राव होऊ शकतो. त्याऐवजी निस्टॅटिनचे थेंब दिले. कवळी काढून, तोंडात घोळवून, शक्य तितका वेळ धरून ठेवायचे.

या निस्टॅटिनची गोष्ट मला फार आवडते. माणसाला सोसेल असं बुरशीवरचं औषध 1940च्या दशकात जवळपास नव्हतंच. पेनिसिलिन आलं होतं, जिवाणू मरत होते, आणि त्यांच्या मोकळ्या जागी बुरशी माजत होती. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागात एलिझाबेथ हेझन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होत्या आणि रेचल ब्राउन रसायनशास्त्रज्ञ. हेझन न्यूयॉर्क शहरात, ब्राउन दोनशे किलोमीटरहून दूर ऑल्बनीत. हेझन ठिकठिकाणच्या मातीतून सूक्ष्मजीव वाढवायच्या, बुरशीवर चालतोय असा सापडला की बरणीत भरून टपालाने ऑल्बनीला धाडायच्या. ब्राउन त्यातला नेमका पदार्थ वेगळा काढून टपालानेच परत पाठवायच्या, की हेझन पुन्हा तपासायच्या. बुरशीला मारणारे बरेच पदार्थ प्राण्यांनाही मारत, ते बाद होत. शेवटी व्हर्जिनियातल्या एका मित्राच्या शेतातल्या मातीत हवा तो जीव मिळाला, आणि 1950 साली दोघींनी औषध जाहीर केलं. त्यातून स्वामित्वधन म्हणून 1 कोटी 30 लाख डॉलरहून जास्त रक्कम आली. दोघींनी ती स्वतःकडे न ठेवता वैज्ञानिक संशोधनासाठी देऊन टाकली. 1966 च्या पुरानंतर फ्लोरेन्समधल्या भिजलेल्या चित्रांवर चढलेली बुरशी रोखायलाही हेच औषध वापरलं गेलं. नैसर्गिक विरुद्ध डॉक्टरी असा झगडा ऐकला की मला ती शेतातली माती आठवते. ते औषध मातीतल्या एका जिवाणूनेच बनवलेलं आहे.

निस्टॅटिन आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलं जात नाही. लागेल तिथेच काम करतं, म्हणून सुरक्षित, पण म्हणूनच तोकडंही. पुढे क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोलची मलमं आणि योनिमार्गात ठेवायच्या गोळ्या आल्या, आणि 1990 च्या सुमारास फ्लुकोनॅझोल. साध्या, पहिल्यावहिल्या योनिसंसर्गाला त्याची 150 मिलिग्रॅमची एक गोळी बहुतेकदा पुरते. मलमाचा कोर्सही तितकाच चालतो. नीट पूर्ण केलेल्या उपचाराने शंभरातल्या 80 ते 90 जणींना आराम पडतो. गरोदर बाईने पोटातून गोळी घेऊ नये, तिच्यासाठी सात दिवस लावायचं औषध असतं. फ्लुकोनॅझोलचं बऱ्याच औषधांशी वाकडं आहे, वॉरफरिनशी, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणाऱ्या काहींशी. एकच तर गोळी आहे, असं म्हणून यादी लपवू नये.

माझ्यासारख्या, वर्षात तीन किंवा जास्त वेळा त्रास होणाऱ्या बायकांचं गणित वेगळं. आमच्यासाठी आधी कल्चर करून, म्हणजे नमुन्यातलं यीस्ट प्रयोगशाळेत वाढवून, ते कुठल्या जातीचं आहे हे पाहतात. मग तीन-तीन दिवसांच्या अंतराने फ्लुकोनॅझोलच्या तीन गोळ्या, आणि त्यानंतर सहा महिने आठवड्याला एक. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत सहा महिन्यांअखेर गोळी घेणाऱ्या 90.8 टक्के बायका त्रासमुक्त होत्या, नुसती दिखाऊ, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत 35.9 टक्के. गोळी थांबवल्यावर आणखी सहा महिन्यांनी मात्र पहिला आकडा 42.9 वर आला होता. हा आकडा मला कुणीतरी आधीच सांगितला, याबद्दल मी कृतज्ञ आहे. त्रास परत आला तेव्हा मी स्वतःला बोल लावला नाही, आणि औषध खोटं आहे असंही मानलं नाही. काही जणींच्या बाबतीत यीस्टची जात दुसरी निघते, ग्लाब्राटा किंवा क्रुसेई, आणि त्यांच्यावर फ्लुकोनॅझोल लंगडं पडतं किंवा चालतच नाही. तिथे डॉक्टर बोरिक ॲसिडच्या 600 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल योनिमार्गात ठेवायला देतात, तीन आठवडे. ती तोंडाने गेली तर विष आहे आणि गरोदरपणात वर्ज्य आहे. घरात लहान मूल असेल तर कुलपात ठेवावी.

आता घरगुती उपायांकडे. मी त्यांची टिंगल करणार नाही. रात्री दोन वाजता आग होत असताना माणूस हाताला लागेल ते करून पाहतो. दही खाणं चांगलंच, पण दह्याने किंवा प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंच्या, गोळीने हा संसर्ग बरा होतो असा भरवशाचा पुरावा नाही. ऑस्ट्रेलियात अँटिबायोटिक घेणाऱ्या 235 बायकांना लॅक्टोबॅसिलस देऊन पाहिलं गेलं, तोंडाने आणि योनिमार्गातूनही. 2004 साली निकाल आला. संसर्ग टळला नाही. मलाही हा निकाल वाचून वाईट वाटलं, कारण कल्पना किती सुरेख होती. लसणातलं ॲलिसिन आणि खोबरेल तेलातली मेदाम्लं परीक्षानळीत कॅन्डिडाला मारतात, हे खरं आहे. पण परीक्षानळीत व्हिनेगरही मारतं. लसणाची पाकळी योनिमार्गात ठेवू नये, नाजूक त्वचा भाजते. टी ट्री ऑइलने ॲलर्जी उठते आणि ते पोटात गेलं तर विषबाधा होते. आतून धुणं तर कुठल्याच द्रावणाने नको. जे पहारेकरी परत आणायचे, तेच त्याने वाहून जातात.

मग निसर्गाच्या बाजूने काहीच नाही का? आहे, आणि खूप आहे, फक्त ते बाटलीत मिळत नाही. ओल जाऊ देणं. जांघेत, स्तनांखाली, पोटाच्या घडीत येणारी लाल, कडेला बारीक पुटकुळ्या असलेली पुरळ हवा लागल्याशिवाय बरी होत नाही. अंघोळीनंतर टिपून कोरडं करायचं, घट्ट आणि घाम धरणारे कपडे टाळायचे, ओले कपडे लगेच बदलायचे. सुगंधी साबण, स्प्रे, वाइप्स त्या जागेपासून लांब. रक्तातली साखर ताब्यात. गरज नसताना अँटिबायोटिक नाही. आणि स्टिरॉइड मिसळलेलं मलम कुणाच्या सांगण्यावरून लावायचं नाही. त्याने दोन दिवस खाज थांबते आणि खाली बुरशी फैलावत राहते. हे सगळं मला औषधाइतकंच खरं वाटतं.

एका बाबतीत मात्र मी सौम्य राहू शकत नाही. थकवा, पोट फुगणं, डोकं जड होणं, मन उदास होणं, या सगळ्याच्या मागे शरीरभर वाढलेलं यीस्ट आहे, हे मत 1980 च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय झालं आणि अजून फिरतंय. 1990 साली ते तपासलं गेलं. असं निदान झालेल्या 42 बायकांना आळीपाळीने निस्टॅटिन आणि दिखाऊ औषध दिलं. योनिमार्गाचा त्रास निस्टॅटिनने कमी झाला. थकवा आणि बाकीची लक्षणं दोन्हींनी सारखीच हलली. सकाळी पेल्यात थुंकून लाळेचे धागे खाली उतरतात का पाहायची ‘चाचणी’ सांगतात. त्या धाग्यांत दिसतो तो लाळेतला नेहमीचा चिकट पदार्थ. साखर, पाव, फळं, आंबवलेलं सगळं बंद करायचं पथ्यही त्यातलंच. पावातलं यीस्ट वेगळ्याच जातीचं असतं आणि भट्टीत मरतं. निरोगी लोकांना मुद्दाम जास्त साखर देऊन 1999 साली पाहिलं, तेव्हा आतड्यातल्या कॅन्डिडावर फारसा फरक पडला नव्हता. मधुमेहाची गोष्ट निराळी, ती वर आलीच. पथ्याने आणखी खंगणाऱ्याला ‘यीस्ट मरतंय म्हणून त्रास होतोय’ असं सांगितलं जातं, तेव्हा मला राग येतो. त्या बाईचा थकवा खरा आहे. तिचं हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर पाहा, झोप आणि मन कसं आहे ते विचारा. यीस्टच्या नावाखाली तिचं वर्ष वाया घालवू नका.

खरोखर शरीरभर पसरणारा कॅन्डिडाही असतो. तो रक्तात शिरतो, बहुधा अतिदक्षता विभागात, शिरेत नळी असलेल्या, मोठी शस्त्रक्रिया झालेल्या किंवा प्रतिकारशक्ती खचलेल्या रुग्णांत, आणि जीव घेऊ शकतो. 2009 साली जपानमध्ये एका रुग्णाच्या कानात सापडलेला कॅन्डिडा ऑरिस तर बऱ्याच औषधांना जुमानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 साली घातक बुरशींची यादी केली, तिच्या सर्वांत वरच्या गटात तो आहे आणि अल्बिकन्सही. या दुखण्यात माणूस गंभीर आजारी असतो. पेल्यात थुंकून ते कळायची वाट कुणी पाहत नाही.

भाचीने परवा विचारलं, ‘मावशी, कुठलं मलम आणू?’ मी म्हटलं, ‘आधी दाखवून ये.’ तिला डॉक्टरांपुढे काय बोलायचं तेच कळत नव्हतं, म्हणून मी लिहून दिलं. कधीपासून आहे, पाळीच्या आधी वाढतं का, स्राव दह्यासारखा आहे की पातळ, वास येतो का. गेल्या महिन्यात कुठलं अँटिबायोटिक घेतलं. रोजच्या गोळ्या कुठल्या. दिवस गेल्याची शक्यता आहे का. वर्षातली कितवी वेळ. ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल तर ते सर्वांत आधी सांग, कारण ते साध्या यीस्टमध्ये नसतं आणि त्याला थांबून चालत नाही. आणि जाण्याआधी दोन-तीन दिवस आत काही लावू नकोस, नाहीतर नमुन्यात काही सापडणार नाही आणि पुन्हा जावं लागेल.